सह्याद्रीचं स्पेलिंग चुकलेला बेडूक

एका बेडकाच्या शास्त्रीय नावात ‘सह्याद्री’ चुकीचा लिहिलेला आहे. 1919 पासून तो तसाच आहे, आणि कितीही मोठा शास्त्रज्ञ असला तरी त्याला तो दुरुस्त करता येत नाही. नियमच तसा आहे.

रोमन लिपीत सह्याद्री लिहायचा तर एस, ए, एच, वाय असा क्रम हवा. या नावात एसनंतर थेट वाय येतो, मग एच, मग ए. म्हणजे ‘सह्याद्रेन्सिस’ नव्हे, ‘सय्हाद्रेन्सिस’. आजचं पूर्ण नाव मिनर्वार्या सय्हाद्रेन्सिस. शेवटचं ‘एन्सिस’ हे लॅटिन शेपूट, अर्थ ‘तिथला’. सह्याद्रीतला, एवढंच सांगायचं होतं.

साहेबाला स्पेलिंग येत नव्हतं म्हणून हसण्याआधी स्वतःचा उच्चार ऐकून बघा. ‘सह्याद्री’, ‘बाह्य’, ‘जिह्वा’, ‘ब्राह्मण’ हे शब्द आपण लिहितो ‘ह’ आधी ठेवून आणि म्हणतो ‘ह’ मागे ढकलून. जिव्हा, ब्राम्हण, सय्हाद्री. ब्रिटिश अंमलातल्या कागदपत्रांत या डोंगररांगेचं नाव नाना तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं आणि त्यात वाय आधी, एच नंतर हीही एक तऱ्हा आहे. माझा आपला अंदाज असा, की कोणीतरी मराठी माणसाच्या तोंडून ऐकलं तसं उतरवून घेतलं आणि पुढे तेच चालू राहिलं. तसं असेल तर या बेडकाच्या नावात व्याकरणातला सह्याद्री नसून बोलण्यातला सह्याद्री आहे.

बेडूक म्हणाल तर अगदी साधा. आगपेटीत आरामात मावेल एवढा. मातकट तपकिरी रंग, पाठीवर तुटक तुटक वळ्या, काहींच्या पाठीच्या मधोमध एक फिकट रेघ, काहींच्या नाही. पोट पांढरं. पाऊस पडून खाचरात पाणी साठलं की बांधाच्या गवतात बसून नर ओरडायला लागतात. आवाज डराव डराव नाही, रातकिड्यासारखा कुरकुरता. म्हणूनच या गोतावळ्याला इंग्रजीत क्रिकेट फ्रॉग म्हणतात. रात्री टॉर्च मारून शोधायला गेलात तर आधी रातकिडाच शोधाल.

या एवढ्याशा प्राण्याचं नाव गेल्या शंभर वर्षांत इतक्यांदा फिरलं आहे, की शास्त्रीय नाव म्हणजे नेमकं काय हे समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

आडनाव आधी, नाव नंतर

सरकारी फॉर्मवर ‘आडनाव, नाव’ असा क्रम असतो ना, शास्त्रीय नावाचा क्रम तसाच. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा, बऱ्याच नातलगांत सामायिक. दुसरा त्या एका जातीचा. माणसांत एकाच आडनाव-नावाचे दहाजण निघतात, इथे मात्र संपूर्ण प्राणिसृष्टीत ती जोडी एकदाच.

ही पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनेअसने रूढ केली. प्राण्यांच्या नावांचा हिशेब 1758 पासून धरतात, कारण त्याच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती त्या वर्षीची. त्याआधी कोणी काय नाव ठेवलं होतं याला किंमत नाही. गंमत म्हणजे ज्याच्यामुळे बेडकांना नावं मिळाली त्या लिनेअसला हे प्राणी किळसवाणे वाटत, आणि तसं त्याने लिहूनही ठेवलं आहे. त्याने युरोपातल्या बेडकांना ‘राना’ या प्रजातीत टाकलं. राना म्हणजे लॅटिनमध्ये बेडूक, दुसरं काही नाही. पुढची दीड-दोनशे वर्षं जगभरातला मिळेल तो बेडूक लोक राना म्हणून नोंदवत राहिले.

विज्ञान शाखेला गेलेल्यांना ‘राना टिग्रिना’ आठवत असेल. मेणाच्या ट्रेमध्ये उताणा, चारी पाय टाचण्यांनी ताणलेले, आणि जर्नलमध्ये त्याच्या पचनसंस्थेची आकृती. तो आपला पावसाळ्यात पिवळाधमक होणारा मोठा बेडूक. आज त्याचं नाव आहे हॉप्लोबॅट्रॅकस टायगरिनस. आडनाव बदललं तसं नावाचं शेपूटही बदललं, कारण लॅटिनमध्ये राना स्त्रीलिंगी आणि हॉप्लोबॅट्रॅकस पुल्लिंगी. ‘वाघासारखी’चं ‘वाघासारखा’ झालं, इतकंच. विशेषणाने नामाचं लिंग घ्यायचं हे मराठी माणसाला वेगळं समजावायला नको. ‘सय्हाद्रेन्सिस’ला ही भानगड नाही. ‘एन्सिस’ पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी दोघांनाही चालतं.

दाखल्यावरचं नाव

दहावीच्या सर्टिफिकेटवर नावाचं स्पेलिंग चुकलं तर काय होतं हे घराघरांत माहीत आहे. पुढे पॅन, पासपोर्ट, बँक, सगळीकडे तेच चुकलेलं नाव लावावं लागतं, नाहीतर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्राच्या मागे लागा. प्राण्यांच्या नावांचं असंच आहे, फक्त जास्त कडक.

यासाठी एक आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. तिची सध्याची चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून लागू आहे. ती सांगते, की पहिल्यांदा नाव ज्या स्पेलिंगने छापलं गेलं तेच खरं. हातून किंवा छापखान्यात चूक झाली याचा स्पष्ट पुरावा त्या मूळ लेखातच असेल तर दुरुस्ती होते. पण परक्या भाषेतला शब्द रोमन लिपीत नीट उतरवला नाही, ही सबब चालत नाही. नियमावलीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे सह्याद्रीच्या बाबतीत दरवाजा बंद.

हट्टीपणा वाटेल, पण क्षणभर उलट बाजूने विचार करा. प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे नावं सुधारायला घेतली तर एका बेडकाची चार स्पेलिंग होतील आणि शंभर वर्षांच्या नोंदी एकमेकींना सापडणार नाहीत. शिवाय नाव अर्थाने बरोबर असलंच पाहिजे अशी अटही नाही. लिनेअसने एका स्वर्गपक्ष्याचं (इंग्रजीत बर्ड ऑफ पॅरडाइज) नाव ‘अपोडा’ ठेवलं, म्हणजे बिनपायाचा, कारण व्यापाऱ्यांकडून आलेल्या कातड्यांचे पाय काढून टाकलेले असत. पक्ष्याला दोन धडधाकट पाय आहेत आणि नाव अजून अपोडाच आहे. नाव हे वर्णन नाही, खूणचिठ्ठी आहे.

राजपत्रासारखा मार्ग इथेही आहे म्हणा. 1895 साली नेमलेला एक आंतरराष्ट्रीय आयोग मतदान करून नियमाला अपवाद करू शकतो. पण तो अपवाद गोंधळ टाळण्यासाठी असतो, कोणाच्या भाषाभिमानासाठी नव्हे.

सातबारा वाचायला शिका

शास्त्रीय लेखात हे नाव पूर्ण लिहितात तेव्हा असं लिहितात: मिनर्वार्या सय्हाद्रेन्सिस (अ‍ॅननडेल, 1919). वरवर पाहता नाव आणि कोणाची तरी सही. खरं तर हा त्या बेडकाचा सातबारा आहे.

1919 हे नाव पहिल्यांदा छापलं गेल्याचं वर्ष. नेल्सन अ‍ॅननडेल हे स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ, 1916 मध्ये झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया सुरू झाला तेव्हाचे पहिले संचालक. त्या काळच्या मुंबई इलाख्यातल्या ओढ्यानाल्यांतल्या जीवांचा अभ्यास करताना त्यांनी हा बेडूक वेगळा काढला. आता कंस बघा. शोभेसाठी नाही तो. नाव देणाऱ्याभोवती कंस असेल तर समजायचं, की नाव दिलं तेव्हा प्रजाती वेगळी होती आणि नंतर फेरफार झाला आहे. कंस नसेल तर आडनाव पहिल्यापासून तेच. एवढ्याशा खुणेत अख्खी कथा असते, आणि गंमत अशी, की वर्तमानपत्रं हा कंस हमखास खाऊन टाकतात.

अ‍ॅननडेलनी दिलेलं मूळ नाव तीन शब्दांचं होतं: राना लिम्नोकॅरिस सय्हाद्रेन्सिस. म्हणजे ही स्वतंत्र जात नाही, लिम्नोकॅरिस या जातीची सह्याद्रीतली उपजात, असं त्यांचं मत. पुढे तिला पूर्ण जातीचा दर्जा मिळाला. दर्जा वाढला म्हणून वाढवणाऱ्याचं नाव लागत नाही. मालकी हक्क 1919 वाल्याचाच.

सातबारा म्हटलं की हद्दीचा दगड आला. नाव नेमकं कोणाचं हे वर्णनाच्या शब्दांवरून ठरत नाही, एका प्रत्यक्ष नमुन्यावरून ठरतं. नवी जात जाहीर करताना संग्रहालयात ठेवलेला एक बेडूक ‘हाच तो’ म्हणून नेमतात. त्याला प्ररूप म्हणतात, इंग्रजीत होलोटाइप. उद्या कळलं की आपण एक समजत होतो त्या तीन जाती आहेत, तर जुनं नाव कोणाला मिळणार? ज्या गटात प्ररूपाचा नमुना बसतो त्याला. बाकीच्या दोघांनी नवं किंवा दुसरं जुनं नाव शोधायचं. मोजणी कितीही वेळा करा, दगड हलत नाही. जुन्या काळी बरेच लेखक असा एकच नमुना नेमत नसत, पाच-सात बेडूक एकत्र ठेवून मोकळे होत. मग नंतरच्या अभ्यासकाला त्यातला एक निवडावा लागतो. त्या पाच-सातांत दोन वेगळ्या जाती निघाल्या तर त्याची झोप उडते.

लिम्नोकॅरिसचं बोचकं

अ‍ॅननडेलनी ज्या लिम्नोकॅरिसखाली आपला बेडूक टाकला तो मुळात जावा बेटावरचा. 1829 मध्ये ग्राफेनहॉर्स्ट नावाच्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने त्याचं नाव छापलं. एका प्राचीन ग्रीक विडंबनकाव्यात उंदरांशी लढणारे बेडूक आहेत, त्यातल्या एका बेडकाचं हे नाव. अर्थ साधारण ‘तळ्याची शोभा’. नाव गोड आहे, पण त्याने आशियाभर घोळ घातला.

झालं असं, की भातशेतीत राहणारे हे छोटे, मातकट, वळ्यावळ्यांचे बेडूक पाकिस्तानापासून जपानपर्यंत सगळीकडे आहेत आणि सगळे एकमेकांसारखे दिसतात. ज्याला जिथे सापडला त्याने तो लिम्नोकॅरिस म्हणून नोंदवला. घरात एक बोचकं असतं, ज्यात जागा न सापडलेली प्रत्येक गोष्ट जाते, तसं ते नाव झालं. अ‍ॅननडेलनी त्यातून एक कपडा बाहेर काढला, पण घडी करून परत बोचक्यावरच ठेवला.

ते सुटायला सुरुवात झाली आवाजाने. आलँ द्युबुआ या फ्रेंच अभ्यासकाने नेपाळमध्ये काम करताना दाखवून दिलं, की एकाच खाचरात एकसारखे दिसणारे बेडूक वेगवेगळ्या आवाजात ओरडतात. 1975 मध्ये त्यांनी तिथून राना नेपालेन्सिस आणि राना पिएरी या जातींचं वर्णन केलं. मुद्दा समजायला सोपा आहे. अंधारात मादी नराला बघत नाही, ऐकते. चुकीच्या हाकेकडे ती फिरकत नाही. मग आपल्याला दोघं सारखे दिसले म्हणून काय झालं? त्यांच्या दृष्टीने ते परकेच. माणूस डोळ्याने वर्गीकरण करतो आणि बेडकांचा व्यवहार कानावर चालतो, यातच निम्मा घोटाळा होता.

दुसरा उलगडा डीएनएचा. तो कसा चालतो हे पोथ्यांवरून सांगतो. छापखाने येण्याआधी पोथ्या हाताने उतरवत. उतरवताना चुका होत आणि त्या चुकीच्या प्रतीवरून पुढची प्रत उतरवली की चूकही पुढे जाई. आज तुमच्यापुढे वीस प्रती ठेवल्या, तर कोणती चूक कोणाकोणात आहे हे बघून कोणती प्रत कोणावरून उतरवली याची वंशावळ मांडता येते. डीएनए ही अशीच पिढ्यानपिढ्या उतरवली जाणारी पोथी. बेडकांसाठी बहुधा 16एस नावाच्या जनुकाचा तुकडा वाचतात. दोन बेडकांच्या तुकड्यांत शेकडा तीनच्या आसपास किंवा जास्त फरक निघाला तर भुवया उंचावतात. हा आकडा म्हणजे निकाल नव्हे, चौकशीची नोटीस. आवाज, बांधा, वावर यांची साक्ष जुळली तर जात वेगळी.

2020 मध्ये एका भारतीय गटाने नेमका आपल्या नायकाचा प्रश्न हाती घेतला. जनुकीय माहितीच्या आधाराने सय्हाद्रेन्सिस खरोखर कुठे कुठे आहे, हे तपासणारा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच ‘शतकभराची जुनी समस्या’ असे शब्द आहेत. बोचक्यातून बाहेर काढलेल्या कपड्याचंच पुढे नवं बोचकं झालं होतं: लिम्नोकॅरिस नाही म्हणता, मग सय्हाद्रेन्सिस लिहा!

आडनाव का फिरलं

आता नावाच्या पहिल्या शब्दाकडे. राना, मग फेयेरवार्या, मध्ये काही काळ झाकेराना, आणि आता मिनर्वार्या. बेडूक तोच, खाचर तेच.

फेयेरवार्या हे नाव 1915 चं, बोल्काय या हंगेरियन अभ्यासकाने दिलेलं, फेयेरवारी या आपल्या देशबांधव सहकाऱ्याच्या सन्मानार्थ. जगभर पसरलेल्या रानाचे तुकडे पडायला लागले तेव्हा भातशेतीतले हे छोटे बेडूक त्या नावाखाली गेले. त्यांच्या पोटाच्या दोन्ही कडांना एक रेघ असते, तिला फेयेरवार्यन रेघ असंच नाव पडलं आहे. पुढे 2006 पासून कुळही बदललं. रॅनिडी सोडून ते डिक्रोग्लॉसिडीत आले, अर्थ ‘दुभंगलेल्या जिभेचे’.

2001 मध्ये द्युबुआ, ओहलर आणि बिजू या तिघांनी कर्नाटकातल्या गुंड्या इथून एक अगदी लहान, दोनेक सेंटिमीटरचा बेडूक जगापुढे आणला. वरच्या ओठावर आडवा पांढरा पट्टा. बाकीच्यांपेक्षा तो इतका वेगळा वाटला की त्यासाठी नवीन प्रजातीच उघडली. मिनर्वार्या. आणि जातीचं नाव? सह्याद्रिस. बरोबर स्पेलिंगने.

दहा वर्षांनी, 2011 मध्ये, बांगलादेशातल्या हौलादार यांनी मांडलं की फेयेरवार्यात दोन वेगळी घराणी आहेत, आग्नेय आशियातलं आणि दक्षिण आशियातलं. दक्षिण आशियातल्याला त्यांनी झाकेराना नाव दिलं, बांगलादेशी प्राणिशास्त्रज्ञ काझी झाकेर हुसेन यांच्यावरून. दोन घराणी आहेत हे निरीक्षण पुढच्या अभ्यासांतही टिकलं. पण पोथ्यांची वंशावळ नीट मांडली तेव्हा एक अडचण निघाली: तो चिमुकला सह्याद्रिस वेगळ्या घराण्याचा नव्हताच. तो या दक्षिण आशियाई घराण्याच्या मधोमध बसत होता, सय्हाद्रेन्सिस वगैरेंचा सख्खा-चुलत भाऊ.

एका कुळाची वंशावळ काढायची, पणजोबांपासून सगळी मुलंबाळं लिहायची आणि मधल्याच एका चुलत भावाला ‘हा आमच्यातला नाही’ म्हणून वेगळं आडनाव द्यायचं, हे आजच्या वर्गीकरणात चालत नाही. एका पूर्वजाचे सगळे वंशज, आणि फक्त तेच, एका नावाखाली हवेत. मग दोनच वाटा. एक तर सगळ्यांना फेयेरवार्यातच ठेवायचं आणि मिनर्वार्या हे नाव मिटवायचं. काही भारतीय अभ्यासकांचा कल 2015 च्या सुमारास तिकडे होता. किंवा दोन घराणी वेगळी मानायची. 2018 मध्ये सांचेझ आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दुसरी वाट धरली.

आता दक्षिण आशियाई घराण्याला नाव कोणतं? इथे कोणाचं मत विचारलं जात नाही, तारखा बघतात. झाकेराना 2011, मिनर्वार्या 2001. जुनं ते खरं. ज्या नावात एकटा दोन सेंटिमीटरचा बेडूक होता त्या नावाखाली अख्खं घराणं आलं, आणि झाकेराना हे नाव दप्तरात गेलं. काझी झाकेर हुसेन यांच्याबद्दल यात कोणाचा अनादर नाही, पण वाईट वाटतं खरं. फेयेरवार्या मात्र जावाच्या लिम्नोकॅरिसबरोबर राहिलं, कारण त्या आडनावाचा हद्दीचा दगड तोच आहे.

यातून एक मजेदार शेजार तयार झाला. एकाच प्रजातीत आता मिनर्वार्या सह्याद्रिस आणि मिनर्वार्या सय्हाद्रेन्सिस. दोन वेगळे बेडूक, दोघंही सह्याद्रीचे. दोन नावं अक्षरशः एकच असती तर नंतरच्याला गाशा गुंडाळावा लागला असता. पण नियमाच्या नजरेत ती वेगळी आहेत, त्यामुळे दोघंही राहिले. प्रूफ तपासणाऱ्यांची मात्र दया येते.

मराठी नावाचा बेडूक

महाराष्ट्राच्या वाट्याला या घराण्यातली आणखी दोन नावं आली आहेत. 2017 मध्ये गर्ग आणि बिजू यांनी जमिनीत बिळं करून राहणाऱ्या चार नव्या जाती जाहीर केल्या, त्यातली एक आंबोलीची. तिचं नाव सेप्फी. हे कुठल्या डोंगराचं किंवा माणसाचं नाव नाही, संवर्धनाला पैसा पुरवणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय निधीच्या आद्याक्षरांना लॅटिन शेपूट लावलं आहे. नियमात बसतं. मला स्वतःला ते रुक्ष वाटतं, आंबोलीसारखं नाव हाताशी असताना तर फारच. पण ज्याने शोधलं त्याचा हक्क.

2019 मध्ये उत्तर सह्याद्रीच्या महाराष्ट्रातल्या भागातून एक नवी जात जाहीर झाली, तिचं नाव मराठी. होय, तेवढंच: मराठी. जाहीर करताना आडनाव फेयेरवार्या लावलं होतं, म्हणजे 2018 चा फेरफार तेव्हा सगळ्यांनी मान्य केलेला नव्हता. आज मिनर्वार्या मराठी म्हणायचं तर लेखकांची नावं कंसात जाणार. कंसाचं महत्त्व आता लक्षात आलं असेल.

अशी एक जात जाहीर करायची म्हणजे काय काय लागतं? वनखात्याची परवानगी. पावसात, रात्री, जळवांच्या सोबतीत ओरडणारा नर शोधणं. पकडण्याआधी त्याचा आवाज रेकॉर्ड करणं आणि हवेचं तापमान टिपणं, कारण गारव्यात हाक संथ होते आणि तापमान लिहिलं नाही तर तुलना फसते. जिवंत असतानाच फोटो, कारण जतन केलेल्या बेडकाचे रंग उडतात. मग डीएनएसाठी स्नायूचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये, आणि तो आधीच काढायचा, कारण पुढे शरीर घट्ट करायला फॉर्मॅलिन वापरतात आणि फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो. त्यानंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजमापं. तोंडाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, डोळ्याचा व्यास, कानाचा पडदा, मांडी, नडगी, बोटांमधला पडदा कोणत्या पेरापर्यंत येतो, टाचेजवळच्या गाठी किती. आणि मग सगळ्यात वेळखाऊ काम: आधीच्या दीडशे-दोनशे वर्षांत कोणी याला नाव दिलं नव्हतं ना, याचा शोध. जेर्डन यांनी 1853 मध्ये ठेवलेलं ‘आग्रिकोला’, म्हणजे शेतकरी, हे नाव असंच कितीतरी काळ अडगळीत होतं. अलीकडे ते पुन्हा वापरात आलं. तुमची ‘नवी’ जात ही कुणाची तरी जुनी जात निघाली, तर तुमचं नाव बाद. जैविक विविधता कायदा, 2002 प्रमाणे नव्या जातीचा नमुना नेमून दिलेल्या संग्रहात जमा करावा लागतो.

एवढा खटाटोप एका मातकट बेडकासाठी कशाला, असं शेतात उभं राहून कोणी विचारलं तर त्यात चूक नाही. उत्तर हिशेबाचं आहे. धोक्यात कोण आहे याची यादी जातीनिहाय बनते. पाकिस्तानापासून जपानपर्यंत पसरलेल्या एका जातीची कोणाला काळजी वाटेल? तीच जात फोडल्यावर त्यातली एखादी दोन-चार सड्यांपुरती, म्हणजे कातळाच्या पठारांपुरती, निघाली, तर त्या सड्यावरची एक चिऱ्याची खाण मोठी गोष्ट ठरते. आंबोलीचा पिवळा ठिपकेदार भेक (इंग्रजीत टोड), झॅन्थोफ्रायनी टायगरिना, 2009 मध्ये वेगळी जात म्हणून ओळखला गेला. आज तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. 1963 मध्ये सोमण यांनी कोयनेवरून नाव दिलेला त्याचा भाऊबंद आधीपासून माहीत होता. दोघं वेगळे आहेत हे ठरल्याशिवाय आंबोलीच्या एकट्याची मोजणी होणार कशी?

नाव सारखं फिरतं ही शेतात काम करणाऱ्यांची, वनखात्याची, विद्यार्थ्यांची तक्रार मात्र रास्त आहे. जुन्या अहवालात राना, मधल्यात फेयेरवार्या, नव्यात मिनर्वार्या, आणि तिन्ही एकच. त्यावर अभ्यासकांची युक्ती साधी आहे: पहिला शब्द विसरा, दुसरा धरून शोधा. म्हणून तर त्या दुसऱ्या शब्दातलं एकही अक्षर हलवू देत नाहीत.

संग्रहालयात बरणीचं नाव बदलायची वेळ येते तेव्हा जुनी चिठ्ठी फेकत नाहीत. नव्या नावाची चिठ्ठी लिहून तिच्याबरोबर ठेवतात, पुढच्याने तिसरी ठेवायची. अल्कोहोलमध्ये बेडकाचा रंग उडून तो फिकट होतो, चिठ्ठ्या वाढत जातात. पहिल्या शब्दाची शाई प्रत्येक चिठ्ठीवर वेगळी, आणि दुसऱ्या शब्दात एसनंतर वाय, मग एच, मग ए.